जुन्या माध्यमांची कपाटे रिकामी करण्याआधी: ग्रंथालयांसाठी सविस्तर मार्गदर्शन

संग्रह डिजिटल करायचा ठराव झाला की ग्रंथालयात पहिली नजर जाते ती कॅसेट, सीडी, व्हिडिओ कॅसेट आणि मायक्रोफिल्मच्या कपाटांकडे. जागा अडलेली, देवघेव जवळजवळ थांबलेली, यंत्र केव्हाचे बंद. मग बैठकीत विषय निघतो, "हे सगळे कधी काढायचे?" माझ्या मते हा प्रश्न फार नंतरचा आहे. आधी विचारायला हवे ते हे की, या फितीवर, चकतीवर किंवा फिल्मवर जे आहे ते दुसरीकडे कुठे शिल्लक आहे का? त्याचे उत्तर मिळेपर्यंत एकही वस्तू दाराबाहेर जाता कामा नये. माध्यम किती जुने झाले यावरून निर्णय होत नाही. कारखान्यात छापलेली गाण्यांची सीडी बाद केली तर सहसा काही बिघडत नाही. पण त्याच वर्षी कोऱ्या सीडीवर उतरवलेले एखादे व्याख्यान गेले तर ते कायमचे गेले.

हाताशी वेळही फार नाही. व्हीएचएस हे घरगुती व्हिडिओ कॅसेटचे स्वरूप १९७६ मध्ये बाजारात आले आणि त्याचे यंत्र बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, हिने २०१६ च्या जुलैमध्ये उत्पादन थांबवले. सोनीने डॅटची (डिजिटल ध्वनिफितीची) यंत्रे २००५ मध्ये बंद केली, फ्लॉपी २०११ मध्ये. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी संग्रहालयाने २०१५ मध्येच बजावले होते की चुंबकीय फितीवरचे जे २०२५ पर्यंत डिजिटल होणार नाही, त्यातले बहुतेक हातचे जाईल. ठरलेल्या तारखेला फिती आपोआप पुसल्या जातील असा याचा अर्थ नव्हता. यंत्रे, त्यांचे सुटे भाग आणि ती दुरुस्त करणारी माणसे फितींच्या आधी संपत आहेत, हा खरा मुद्दा होता आणि तो आजही तितकाच लागू आहे.

मोजदाद: प्रत्येक वस्तू हातात घेऊन

सुरुवात दाखल नोंदवहीपासून करा, पण तिच्यावरच विसंबू नका. पुस्तकाच्या मागच्या पाकिटात आलेली सीडी किंवा फ्लॉपी बहुतेक वेळा वेगळी नोंदलेली नसते. फार तर 'सोबत सीडी' एवढाच शेरा असतो. त्याहून मोठी अडचण म्हणजे संस्थेच्या स्वतःच्या कार्यक्रमांची ध्वनिमुद्रणे. ती विकत घेतलेली नसतात, देणगीतही आलेली नसतात, म्हणून नोंदवहीत चढतच नाहीत. कार्यालयाच्या कपाटात, माळ्यावर, जुन्या कर्मचाऱ्याच्या खणात ती पडून असतात, आणि नेमकी तीच जगात एकमेव असण्याची शक्यता सर्वाधिक असते. शोध तिथून सुरू करा.

यादीसाठी साधी स्प्रेडशीट पुरेशी आहे. दाखल क्रमांक, शीर्षक, मुद्रणाचे वर्ष, कालावधी, वस्तू प्रकाशित आहे की स्वतः मुद्रित केलेली आणि तिची अवस्था, एवढे रकाने हवेतच. माध्यमाचा प्रकार मात्र नेमका लिहा. नुसते 'व्हिडिओ कॅसेट' लिहून भागत नाही, कारण व्हीएचएस, बीटामॅक्स, यू-मॅटिक आणि मिनी डीव्ही यांतल्या प्रत्येकाला वेगळे यंत्र लागते. वेष्टणाच्या दोन्ही बाजूंचा आणि आतल्या चिठ्ठीचा फोटो काढून ठेवा. पेन्सिलीने लिहिलेले वक्त्याचे नाव पुढे एकमेव पुरावा ठरू शकते.

अवस्था डोळ्यांनी आणि नाकाने तपासा. डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ती ॲसिटेट फिल्म आहे आणि ती विघटित होऊ लागली आहे. ही आम्लाची वाफ शेजारच्या डब्यांनाही बाधते, त्यामुळे अशी फिल्म लगेच वेगळी ठेवा. आम्लाचे प्रमाण दाखवणाऱ्या ए-डी पट्ट्या मिळतात; त्या निळ्याच्या हिरव्या आणि पुढे पिवळ्या होत जातात. फितीच्या कडेला पांढरी भुकटी किंवा बुरशी दिसली तर तिला हातमोजे आणि मास्क घालूनच हात लावा.

आणि एक गोष्ट कटाक्षाने टाळा: "चालते का बघू या" म्हणून जुनी फीत यंत्रात घालणे. अनेक फिती एकदाच नीट वाजू शकतात. ती एक संधी मुद्रण चालू असतानाच वापरायची असते.

तीन गट पाडा

यादी झाली की प्रत्येक नोंद तीनपैकी एका गटात टाका. प्रकाशित असलेल्या आणि आजही विकत किंवा परवान्याने मिळणाऱ्या वस्तू पहिल्या गटात. प्रकाशित, पण आता कुठेच मिळत नाहीत अशा दुसऱ्या. आणि ज्यांची दुसरी प्रत नाही किंवा असल्याचे माहीत नाही, अशा तिसऱ्या.

पहिला गट वाटतो तेवढा सोपा नसतो. शीर्षक जुळले म्हणून आतला मजकूर जुळेलच असे नाही. व्हिडिओ कॅसेटवरची आवृत्ती आणि नंतरची डीव्हीडी यांत प्रसंग कापलेले असू शकतात, पार्श्वसंगीत बदललेले असू शकते, वेगळ्या भाषेतला ध्वनिपट गाळलेला असू शकतो. वर्ल्डकॅटसारख्या, अनेक ग्रंथालयांच्या नोंदी एकत्र असलेल्या संयुक्त तालिकेत इतर ग्रंथालयांकडे किती प्रती आहेत ते पाहा, पण तिथली नोंद म्हणजे वापरता येणारी प्रत नव्हे. शंका असेल तिथे त्या ग्रंथालयाला पत्र लिहून विचारा. दहांपैकी सात ठिकाणी ती वस्तू केव्हाच बाद झाली असेल आणि तालिकेत नाव तेवढे उरले असेल, असे गृहीत धरूनच चाला.

दुसरा सापळा परवान्याचा. "स्ट्रीमिंगवर आहे, मग डीव्हीडी कशाला?" हा युक्तिवाद प्रत्येक बैठकीत होतो. विकत घेतलेली डीव्हीडी ग्रंथालयाच्या मालकीची असते. स्ट्रीमिंग आणि बहुतेक ई-पुस्तके ठरावीक मुदतीच्या परवान्यावर असतात. मुदत संपली किंवा प्रकाशकाने करार बदलला की ती दिसेनाशी होतात. हार्परकॉलिन्स या प्रकाशनसंस्थेने २०११ मध्ये ग्रंथालयांना दिलेले ई-पुस्तक २६ वेळा देवघेव झाल्यावर संपेल अशी अट घातली, तेव्हा हे सगळ्यांच्या ध्यानात आले. म्हणून नियम करा: भाडेतत्त्वावरचा प्रवेश हा मालकीच्या प्रतीला पर्याय मानायचा नाही, निदान निर्लेखनापुरता, म्हणजे वस्तू संग्रहातून बाद करण्यापुरता, तरी नाही.

आधी काय वाचवायचे

सगळे एकदम होत नाही, तेव्हा क्रम लावावा लागतो. मी तीन गोष्टी पाहतो: वस्तू एकमेव आहे का, तिचे माध्यम किती वेगाने बिघडते, आणि ती चालवणारे यंत्र आज हाताशी आहे का.

लॅकरचा, म्हणजे वार्निशसारखा, थर लावलेल्या तबकड्या सगळ्यांत वर ठेवा. फीत रुळण्याआधी जागच्या जागी मुद्रण करण्यासाठी त्या वापरत. वरचा थर आकसतो, तडकतो आणि खालच्या पत्र्यापासून सुटतो. एकदा सुटला की काही करता येत नाही. कारखान्यात छापलेल्या शेलॅकच्या आणि विनाइलच्या तबकड्या त्या मानाने दणकट. फुटल्या नाहीत तर त्या थांबू शकतात.

त्यानंतर चुंबकीय फिती. १९७० आणि १९८० च्या दशकांतल्या काही मोठ्या स्पूलच्या आणि व्हिडिओच्या फितींमध्ये चुंबकीय कण धरून ठेवणारा पॉलियुरेथेनचा थर हवेतली आर्द्रता शोषतो आणि चिकट होतो. अशी फीत चालवली की किंचाळल्यासारखा आवाज येतो आणि यंत्राच्या हेडवर, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागावर, तपकिरी गाळ साचतो. तो गाळ म्हणजेच तुमचे ध्वनिमुद्रण. तज्ज्ञ अशा फिती नियंत्रित भट्टीत, ५० अंश सेल्सिअसच्या थोडे वर, कित्येक तास तापवतात. मग काही दिवस-आठवडे त्या वाजवता येतात. हे काम घरच्या ओव्हनमध्ये कुणी करू नये, आणि ॲसिटेटच्या फितीवर तर मुळीच करू नये.

कोऱ्या विकत घेऊन लिहिलेल्या सीडी आणि डीव्हीडी छापील चकत्यांपेक्षा नाजूक असतात. त्यांत माहिती रंगद्रव्याच्या थरात साठते आणि प्रकाश व उष्णतेने तो थर खराब होतो. वर चिकटवलेली कागदी लेबले आणखी घात करतात, पण ती ओढून काढू नका. ओढताना वरचा परावर्तक थर निघून येतो. फ्लॉपीचे काम मात्र लगेच उरकून टाका. साडेतीन इंची फ्लॉपीत जेमतेम १.४४ एमबी मावते. खोकेभर फ्लॉपींना फारसा वेळही लागत नाही आणि जागाही.

मायक्रोफिल्मबद्दल माझे मत अनेकांना उलटे वाटेल. पॉलिएस्टरवरची, नीट धुतलेली आणि थंड, कोरड्या जागी ठेवलेली चांदीच्या क्षारांची फिल्म सुमारे ५०० वर्षे टिकेल असा अंदाज मानकांत धरला जातो. तिला वाचायला भिंग आणि उजेड पुरतो. ती स्कॅन करावी ती वाचकांच्या सोयीसाठी. वाचवण्याची घाई तिला नाही. रांगेत मागे ठेवा आणि फेकू तर अजिबात नका. नायट्रेटची फिल्म निघालीच तर ती ज्वालाग्राही असते आणि जळताना पाण्यानेही विझत नाही. तिला वेगळे ठेवून तज्ज्ञांना आणि अग्निशमन दलाला कळवा.

यंत्रे भंगारात देऊ नका

कपाटे रिकामी करण्याच्या भरात बंद पडलेला व्हीसीआर, कॅसेट डेक, मायक्रोफिल्म रीडर हेच आधी बाहेर जातात. हा क्रम नेमका उलटा हवा. संग्रहातल्या प्रत्येक माध्यमासाठी निदान एक चालू यंत्र आणि शक्यतो त्याच जातीचे दुसरे, सुट्या भागांसाठी, ठेवा. रबरी पट्टे आणि फीत ओढणारा रबरी रोलर आधी खराब होतात. ते अजून मिळतात तोवर घेऊन ठेवा. हेड आणि फितीचा मार्ग आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करा, पण रबरावर ते लावू नका. दर वेळी आधी बिनमहत्त्वाची फीत लावून यंत्र ती चावत नाही ना ते पाहा.

थोड्याच फिती असतील तर यंत्र सांभाळण्यापेक्षा काम बाहेर देणे परवडते. त्या वेळी करारात फाइलचे स्वरूप, नमुना तपासणी, मूळ फिती परत येण्याची तारीख आणि वाहतुकीतली जबाबदारी लिहून घ्या. सगळा संग्रह एका खेपेत पाठवू नका.

कायद्याची बाजू

वस्तू तुमच्या मालकीची असली तरी प्रत काढण्याचा हक्क तुमचा असेलच असे नाही, आणि ती इंटरनेटवर ठेवण्याचा हक्क तर वेगळाच. बहुतेक देशांत जतनासाठी ग्रंथालयांना मर्यादित सवलत आहे. अमेरिकेच्या प्रताधिकार कायद्यातील कलम १०८ नुसार, ज्याचे यंत्र आता बनत नाही किंवा बाजारात वाजवी रीतीने मिळत नाही असे माध्यम कालबाह्य मानले जाते. रास्त किमतीत नवी प्रत मिळत नसेल तर ग्रंथालय अशा प्रकाशित कृतीच्या तीनपर्यंत प्रती काढू शकते, पण डिजिटल प्रत ग्रंथालयाच्या आवारातच वापरायची असते. भारतात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ५२ मध्ये तरतूद आली: बिगरव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाकडे कृतीची डिजिटल नसलेली प्रत असेल तर जतनासाठी ती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात साठवता येते. साठवणे आणि लोकांना उपलब्ध करून देणे यांत कायदा फरक करतो हे विसरू नका. डीव्हीडीवरचे कुलूप तोडण्याला स्वतंत्र मनाईही असू शकते.

नवी प्रत मिळते का याचा शोध तुम्ही कुठे, कोणत्या तारखेला घेतला ते लिहून ठेवा. एकमेव ध्वनिमुद्रणांत आणखी एक बाब येते: बोलणाऱ्या माणसाची संमती. कुणी खासगी आठवणी सांगितल्या असतील तर त्या साऱ्या जगासाठी खुल्या करण्याआधी त्याला किंवा घरच्यांना विचारणे हे साधे सौजन्य आहे, कायद्यात असो वा नसो.

प्रत्यक्ष उतरवून घेणे

प्रत्येक वस्तूच्या दोन प्रती काढायच्या: एक जतनाची, कसलीही काटछाट न केलेली, दुसरी वापराची, छोटी आणि हलकी. या दोन्हींची गल्लत होऊ देऊ नका.

आवाजासाठी ध्वनिसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने किमान ४८ किलोहर्ट्झ (आवाजाचे सेकंदाला ४८ हजार नमुने) आणि २४ बिट (प्रत्येक नमुन्याची अचूकता) सुचवले आहे. ९६ किलोहर्ट्झ अधिक चांगले. फाइल ब्रॉडकास्ट वेव्ह स्वरूपात ठेवा. ९६ किलोहर्ट्झवर एका तासाच्या स्टिरिओ मुद्रणाला सुमारे २ जीबी लागतात. वापरासाठी एमपी-३ ठीक. कॅसेट लावण्याआधी तिच्या कडेचे छोटे प्लास्टिकचे तुकडे तोडा, म्हणजे चुकूनही तिच्यावर नवे मुद्रण होणार नाही. फीत एकदा पुढे-मागे पूर्ण फिरवा. मग हेडचा कोन त्या कॅसेटपुरता जुळवा. आवाजातली धार जिथे स्वच्छ ऐकू येते ती जागा बरोबर. हा एक बारकावा सांभाळला तर निकालात जमीन-अस्मानाचा फरक पडतो, आणि नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने तो भरून निघत नाही. जतनाच्या प्रतीतला खरखराट काढू नका. सफाई करायची ती वापराच्या प्रतीवर.

फीत तिच्याच वेगाने चालते, इथे घाई करता येत नाही. तयारी, तपासणी आणि नोंदी धरून मुद्रणाच्या निदान दुप्पट वेळ गृहीत धरा.

व्हिडिओसाठी यंत्राचे एस-व्हिडिओ आउटपुट वापरा आणि चित्र स्थिर करणारा टाइम बेस करेक्टर मध्ये जोडा. साध्या दर्जाचा (एसडी) असंपीडित, म्हणजे न दाबलेला, १० बिट व्हिडिओ तासाला १०० जीबीच्या घरात जातो. एफएफव्ही-१ हे संपीडन चित्राचा एकही कण न गमावता आकार बराच घटवते. ते खुले आहे आणि २०२१ मध्ये इंटरनेट मानक संस्थेने त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आहे. मात्रोस्का या खुल्या स्वरूपाच्या फाइलमध्ये ते ठेवणे आज अनेक संग्रहांत रूढ आहे. व्हीएचएस डीव्हीडीवर उतरवून "काम झाले" म्हणणाऱ्यांनी एका मरणाऱ्या माध्यमातून दुसऱ्या मरणाऱ्या माध्यमात स्थलांतर केले. तशा डीव्हीडी तुमच्याकडे असतील तर मूळ फिती अजून आहेत का ते आधी शोधा.

सीडी-डीव्हीडीची फाइल-फाइल नक्कल करण्याऐवजी पूर्ण चकतीची प्रतिमा, म्हणजे तिच्यावरच्या साऱ्या माहितीची जशीच्या तशी एकच फाइल, काढा. फ्लॉपीचेही तसेच, आणि त्याआधी तिची लेखन-प्रतिबंधाची खिडकी उघडी करा. संगणकाला यूएसबीने जोडायचा साधा ड्राइव्ह बहुतेक फ्लॉपींना चालतो, पण जुन्या मॅकच्या ४०० आणि ८०० केबीच्या फ्लॉपी तो वाचू शकत नाही. त्यांच्यासाठी चुंबकीय संकेत थेट टिपणारे क्रायोफ्लक्स किंवा ग्रीसवीझलसारखे उपकरण लागते. ड्राइव्हने "फॉरमॅट करू का?" असे विचारले तर नाही म्हणा, ती फ्लॉपी बहुधा रिकामी नसते.

जे आधीच डिजिटल आहे, तेही जुने होते

ब्रिटनच्या १०८६ च्या डोम्सडे या जमीन-मालमत्तेच्या नोंदणीला ९०० वर्षे झाली म्हणून बीबीसीने १९८६ मध्ये लेझर चकत्यांवर देशाचे नवे चित्र साठवले. दीड दशकात त्या चकत्या चालवणारी यंत्रे दुर्मीळ झाली आणि संशोधकांना जुन्या संगणकाची नक्कल करणारे सॉफ्टवेअर लिहावे लागले. चर्मपत्रावरची मूळ नोंदणी आजही वाचता येते.

मराठी मजकुराच्या बाबतीत हा प्रश्न फार जवळचा आहे. युनिकोड हे सर्व लिप्यांसाठीचे सामाईक संकेतन रुळण्याआधी देवनागरी मजकूर श्रीलिपीसारख्या फॉन्टांत टंकला जाई. फाइल उघडते, पण तो फॉन्ट नसेल तर पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. अशा फाइली "खराब" म्हणून काढून टाकल्या जातात, हे पाहून जीव तुटतो, कारण त्या मुळीच खराब नसतात. मूळ फाइल आहे तशी ठेवा, फॉन्टचे नाव आणि फॉन्टची फाइल सोबत जपा, रूपांतरकाने युनिकोड प्रत काढा आणि जोडाक्षरे, रफार, ऱ्हस्व इकार डोळ्यांखालून घाला. चुका तिथेच होतात. छपाईचे रूप जपायचे असेल तर फॉन्ट अंतर्भूत असलेली पीडीएफ-ए प्रतही ठेवा. दीर्घकाळ जतनासाठीचे हे पीडीएफ स्वरूप २००५ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे.

फाइल नेमकी कोणत्या स्वरूपाची आहे हे कळत नसेल तर ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे ड्रॉइड हे मोफत साधन वापरा. नुसत्या नावाच्या शेपटीवर विश्वास ठेवू नका.

नोंद, पडताळणी, साठवण

फाइलच्या नावात दाखल क्रमांक असू द्या. शीर्षक नको, कारण ते बदलते आणि त्याची वर्णलेखने अनेक होतात. कोणत्या यंत्रावर, कुणी, केव्हा, कोणत्या मांडणीने उतरवले ते लिहा. प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ चेकसम, म्हणजे फाइलमधला एकही बिट बदलला तर बदलणारा ओळख-आकडा, काढून ठेवा आणि वर्षातून निदान एकदा पुन्हा काढून जुळवून पाहा. जुळला नाही तर ती प्रत बिघडली. चांगल्या प्रतीवरून ती बदला. प्रत्येक फाइलच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साठवणीवर, त्यांतली एक दुसऱ्या इमारतीत, शक्यतो दुसऱ्या गावात. बाहेरची हार्ड डिस्क खणात ठेवून विसरणे म्हणजे साठवण नव्हे.

एलटीओ ही संगणकीय माहिती साठवण्याची चुंबकीय फीत घेत असाल तर ध्यानात ठेवा: सातव्या पिढीपर्यंतचे यंत्र मागच्या दोन पिढ्यांच्या फिती वाचत असे, आठव्या पिढीचे फक्त एकाच मागच्या पिढीची वाचते. पुढच्या स्थलांतराचा खर्च आजच अंदाजपत्रकात धरा.

वाचक आणि शेवटी निर्लेखन

कॅसेट कोण नेते ते देवघेवीच्या नोंदींत पाहा. दृष्टिहीन सभासद, वयस्कर श्रोते, घरी इंटरनेट नसलेले लोक, असे थोडेच पण नेमके वाचक बहुतेक वेळा निघतात. त्यांना सूचनाफलकावरची चिठ्ठी पुरत नाही. समोर बसवून नवी सोय दाखवा, आणि ती त्यांच्या हाती बसेपर्यंत जुने यंत्र वाचनकक्षात ठेवा. बोलती पुस्तके डेझी या दृष्टिहीनांसाठीच्या डिजिटल स्वरूपात गेली तर प्रकरणागणिक उडी मारता येते, हा मोठा फायदा आहे. तो दाखवून द्या.

वाचकांच्या कपाटातून काढणे आणि संग्रहातून बाद करणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, दोहोंमध्ये काही महिने जाऊ द्या. विसाव्या शतकात अनेक ग्रंथालयांनी वर्तमानपत्रांची मायक्रोफिल्म करून मूळ खंड काढून टाकले. पुढे फिल्ममध्ये गाळलेली पाने, अस्पष्ट चौकटी आणि रंगांऐवजी काळे-पांढरे ठिपके सापडले, पण ताडून पाहायला मूळ खंड उरले नव्हते. म्हणून तिसऱ्या गटातली मूळ वस्तू डिजिटल झाल्यावरही ठेवा. दुसऱ्या गटातली बाद करण्याआधी इतर ग्रंथालयांना देऊ करा. पहिल्या गटातली नियमानुसार निर्लेखित करा.

बाद केलेल्या सीडी, फिती आणि यंत्रे ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत संस्थेकडेच द्या. फ्लॉपी आणि हार्ड डिस्कवर सभासदांची नावे-पत्ते असू शकतात, त्या नष्ट केल्याशिवाय सोडू नका. तालिकेतली नोंद मात्र पुसायची नाही: वस्तू कधी बाद झाली, कोणत्या ठरावाने, आणि तिची डिजिटल प्रत कुठे आहे, हे तीन शेरे त्याच नोंदीखाली लिहा.